वस्तीच्या गाडीतल्या रिकाम्या जागा

मा. अध्यक्ष, मा. व्यवस्थापकीय संचालक आणि राज्यभरातले आगार व्यवस्थापक,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला कुठे गेलो होतो ते आधी सांगते. मागणं नंतर मांडते, कारण ते त्या प्रवासातूनच निघालं आहे.

भोरच्या पुढे, नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही. चाळीसेक घरांचं गाव, त्याच्यावर उद्या एकदम झुंबड पडायला नको. शनिवारी संध्याकाळी भोरच्या स्टँडवरून आम्ही तिथली वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावातच मुक्काम करून सकाळी परत निघणारी एसटी, धरली. माझी ७८ वर्षांची आई, नवरा, दहावीत गेलेली लेक आणि मी. पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. म्हणजे आईचं शून्य, आम्हा मायलेकींचं अर्धं-अर्धं आणि नवऱ्याचं पूर्ण. चौघांत मिळून दोन तिकिटं. आईला खिडकी दिली. ती गेल्या सात-आठ वर्षांत एसटीत बसली नव्हती. आम्ही तिला सगळीकडे कारनेच नेत होतो, तिला त्रास नको म्हणून. डबल बेल झाली आणि गाडी हलली तेव्हा तिने पुढच्या सीटची दांडी जशी दोन्ही हातांनी धरली, ते बघून मला वाटलं, हे आपण तिच्याकडून उगाचच काढून घेतलं होतं.

लग्नसराई होती. एक कुटुंब बस्ता बांधून परत निघालं होतं. साड्यांचे खोके मांडीवर, नवरदेवाच्या फेट्याची पिशवी वरच्या रॅकवर. आईने त्यातल्या म्हाताऱ्या बाईंना मुलीचं घराणं विचारलं आणि पुढचा अर्धा तास दोघी एकमेकींच्या ओळखीपाळखी जुळवत बसल्या. एका थांब्यावर गाडी थांबली, पण कुणी उतरलं नाही की चढलं नाही. कंडक्टरने खिडकीतून औषधांची पिशवी बाहेर दिली, खाली उभ्या असलेल्या मुलाने ती घेतली, पुन्हा डबल बेल. लेकीने विचारलं, “ही कुरियरवाली गाडी आहे का?” मी म्हटलं, ही सगळ्याचीच गाडी आहे.

गावात पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. देवळाच्या पाराशी ड्रायव्हरने गाडी मागे-पुढे करत वळवली, तोंड परतीच्या वाटेकडे केलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला. सकाळी सहाला तीच गाडी उलट निघणार. रात्री दोघांचं अंथरूण देवळाच्या सभामंडपात. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्या घरातूनच त्यांना पिण्याच्या पाण्याचा हंडा गेला. आम्हाला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि करवंदाचं लोणचं. दोन रात्री आम्ही तिथे होतो. करवंदांच्या जाळ्या, पाण्याकाठची संध्याकाळ, देवराईतली दुपारची गार सावली, एवढाच कार्यक्रम. सोमवारी पहाटे ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तेव्हा कळलं की गावाचं घड्याळही हीच गाडी आहे. दुधाच्या किटल्या, जांभळांची पाटी आणि दाखल्यासाठी तहसीलला निघालेला एक माणूस यांच्यासोबत आम्ही परतलो.

जाताना, शनिवारी, मी एक मोजणी केली होती. बेचाळीस जागांच्या गाडीत भोरहून निघताना आम्ही धरून एकोणीस माणसं होती. बस्तेवाले मधल्या गावात उतरले. वस्तीच्या गावात पोचलो तेव्हा आम्ही नऊ जण उरलो होतो, त्यातले चार आमच्याच घरचे. कंडक्टरना विचारलं तर म्हणाले, “शनिवारचं भारमान असंच असतं, ताई. कॉलेज चालू असताना सोमवारी सकाळी या, पाय ठेवायला जागा नसते.”

भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात ते, हा शब्द तुमच्या रोजच्या वापरातला. खेड्यातली माणसंही तो ओळखतात आणि त्याला भितात, कारण भारमान नाही म्हणून फेरी बंद होते हे त्यांना पाठ आहे. मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते याच शब्दाशी येऊन थांबतं. शनिवारी संध्याकाळी वस्तीच्या गाडीत ज्या जागा रिकाम्या जातात, नेमक्या त्याच वेळी शहरातल्या लाखो माणसांना जवळच्याच एखाद्या गावी जायचं असतं. जागा आहे, माणूस आहे, वेळही जुळते आहे. दोघांची गाठ मात्र पडत नाही.

हल्ली सगळे सांगतात की लांब विमानाने जाण्यापेक्षा जवळच जा, निसर्गाला जपून सुट्टी घालवा. सल्ला चांगला आहे, मलाही पटतो. पण शहरातला माणूस ‘जवळ’ जातो म्हणजे स्वतःची चारचाकी काढून जातो. एका घराला एक, कधी दोन. जवळपणाचा सगळा फायदा तिथेच संपतो, कारण ज्या जागेचं कौतुक म्हणून आपण जातो, तिच्या उंबऱ्यापर्यंत धूर, हॉर्न आणि हेडलाइट घेऊन जातो. हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. आम्ही तेच केलं आहे, आणि कुठे केलं तेही सांगते.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. मे सरता सरता, मृगाच्या पावसाआधी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे येतात. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, धरणाच्या पाण्याला वळसा घालणाऱ्या रस्त्यावरची ही गावं. मोसम दोन-तीन आठवड्यांचा. जोराचा पाऊस लागला की खेळ संपला. आम्ही शनिवार गाठला, सगळ्यांनीच गाठलेला. रात्री साडेनऊला आमची कार रांगेत अडकली ती बारापर्यंत. पुढे लाल दिवे, मागे पांढरे दिवे. कुणी गाणी लावलेली, कुणी खाली उतरून टॉर्च झाडावर मारतंय, कुणी मुलाला गवतात पळवतंय. मुलीने काचेला नाक लावून ठेवलं होतं. अडीच तासांत तिला मोजून सहा काजवे दिसले.

मग रस्त्याकडेच्या घरातले एक काका आमच्यापाशी आले आणि गाडीचे दिवे बंद करायला सांगितले. म्हणाले, “नर काजवा उडत उडत चमकतो, मादी खाली पाल्यावर बसून त्याला उत्तर देते. तुमचा दिवा मध्ये आला की त्यांना एकमेकांचं दिसतच नाही.” मोसम एवढासा आणि त्यातच त्यांचं लग्न. ते चुकलं की मातीत पडायची ती अंडी पडत नाहीत. अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात वाढतात, गोगलगायी खातात. त्यामुळे रस्ता सोडून गवतात शिरलेला प्रत्येक पाय पुढच्या मोसमावरच पडतो. काकांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. आम्ही दिवे घालवले. मागच्या कारने ताबडतोब हॉर्न वाजवला.

त्या रांगेत माझ्या पुढे-मागे दिसत होत्या तेवढ्याच कार मी मोजल्या, अकरा होत्या. प्रत्येकीत तीन-चार माणसं. म्हणजे एका लाल गाडीची माणसं. अकरांऐवजी एक इंजिन, बावीस हेडलाइटांऐवजी दोन, आणि ती दोनही कुठे घालवायची हे ठाऊक असलेला एक ड्रायव्हर.

म्हणून पहिलं मागणं काजव्यांच्या मोसमाचं. शेंडीला बाहेरच्या मोटारी थांबवाव्यात आणि तिथून पुढे संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत तुमच्या गाड्या तलावाभोवती फिरवाव्यात. ठरलेल्या तीन-चार जागी गाडी थांबेल, आतले-बाहेरचे दिवे बंद होतील, माणसं डांबरावरच उभी राहतील, गावातला एक जाणता माणूस सोबत असेल आणि त्याला त्याची मजुरी मिळेल. वनखातं, ग्रामपंचायती आणि पोलीस यांच्याशिवाय हे होणार नाही हे मला कळतं. पण गाडी तुमची आहे, तेव्हा पहिला शब्द तुम्ही टाकावा. आणि तुमच्यासाठी यात एक योग आहे. १ जून १९४८ ला तुमची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर तुम्ही विजेवरची शिवाई सोडलीत. काजव्यांचा मोसम बरोबर याच दिवसांत, याच जिल्ह्यात. तुमचा वाढदिवस तलावाकाठी साजरा करा. विजेवरची लहान गाडी मिळाली तर फारच छान, तिला धूर नाही, आवाज नाही. नाही मिळाली तर साधी लाल गाडीही चालेल. रांगेतल्या अकरा मोटारींपेक्षा ती त्या झाडांना कितीतरी बरी.

हे अशक्य नाही. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकाची मोटार जात नाही, २००३ साली ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं, आणि तरी तिथली खोल्याखोल्यांतली गर्दी काही कमी झालेली नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली आहे. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या त्या कातळावर गेंद, सोनकी, सीतेची आसवं ही सगळी वीतभर मातीवर जगणारी फुलं. तिथे पायी फिरायचं असतं, मोटार अलीकडे ठेवायची असते, आणि लोक ते ऐकतात. आधी कुरकुरतात, मग ऐकतात. गाडी वेळेवर मिळणार असं माणसाला पक्कं माहीत असलं की तो स्वतःची किल्ली घरी ठेवायला तयार होतो. माझा नवरा झाला, आणि तो कारशिवाय कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही जात नसे.

दुसरं मागणं छोटं आहे, पण माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. वस्तीच्या गाड्यांची यादी छापा. कुठल्या स्टँडवरून, किती वाजता, कुठल्या गावाला, आणि सकाळी परत किती वाजता. आज ही माहिती कुणाला असते? त्या गावच्या माणसाला, आणि जुन्या ट्रेकरांना. सह्याद्रीत भटकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांनी किल्ले वस्तीच्या गाडीने केले आहेत. रात्री पायथ्याच्या गावात उतरायचं, देवळात पथारी टाकायची, उजाडायला गड चढायचा. ती माहिती तोंडातोंडी चालायची. आता माणूस मोबाईलवर शोधतो, त्याला गावाची गाडी सापडत नाही, आणि तो कार काढतो. प्रत्येक मोठ्या स्टँडवर एक फलक पुरे. वर ‘आज रात्री मुक्कामाला जाणाऱ्या गाड्या’ असं लिहा. मला खात्री आहे, स्वारगेटला किंवा नाशिकच्या जुन्या स्टँडवर तो फलक वाचायलाच माणसं थांबतील. आणि त्या गावात पाराच्या भिंतीवर परतीची वेळ रंगवून ठेवा, म्हणजे आलेल्या माणसाला धाकधूक राहणार नाही. मुक्काम करायचा तर परत कसं यायचं, हीच तर त्याची भीती असते.

काही ठिकाणी वेळ थोडी सरकवावी लागेल. कोकणात मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. तिथे २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसोबत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला लोक येतात, गावातल्याच घरांत राहतात, घरचंच जेवतात. पिल्लं सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी. ओल्या वाळूवरून नखाएवढे पाय मारत एक पिल्लू लाटेपर्यंत गेलं, लाटेने त्याला चार हात मागे फेकलं, ते वळलं आणि पुन्हा निघालं. दोरीपलीकडे उभी असलेली शंभर माणसं तेव्हा एकदम गप्प होती. असं काही बघायला आलेल्या माणसाला पहाटेची गाडी काय कामाची? हंगामातल्या रविवारी परतीची एक फेरी नऊनंतर सुटली, तर त्याची सकाळ वाया जाणार नाही. आगारातल्या माणसाने त्या गावच्या सरपंचाला एक फोन केला तरी कुठे कधी काय असतं ते कळेल. कुठे जत्रा, कुठे हुरडा, कुठे कारवी फुललेली.

तिसरं, ‘आवडेल तेथे प्रवास’. १९८८ पासून ही योजना तुम्ही चालवता, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास. माझ्या वडिलांनी त्या पासावर आम्हाला कोल्हापूर, पन्हाळा, रत्नागिरी दाखवली. पण आता सगळ्यांची सुट्टी दोन दिवसांची झाली आहे. शनिवार-रविवारचा, एका जिल्ह्यापुरता, स्वस्तातला पास काढलात तर जिल्ह्यातली माणसं जिल्हा बघतील. आमच्या पुणे जिल्ह्यातच बघण्यासारखं इतकं आहे की माझी लेक नोकरीला लागेपर्यंत ते संपायचं नाही.

आता ज्याची मला स्वतःला काळजी वाटते ते लिहिते. शहरातली माणसं गाडीत भरली आणि गावातली म्हातारी थांब्यावर राहिली, असं एकदाही होता कामा नये. ती गाडी तिची आहे. म्हणून वस्तीच्या गाडीत बाहेरच्यांसाठी ठरावीक जागाच आगाऊ आरक्षित करू द्या, दहा किंवा बारा, आणि त्याही शनिवारी जाताना. सोमवारी सकाळी, कॉलेजच्या दिवसांत, एकही नको. आम्ही रविवारी दुपारच्या फेरीने येऊ. एका गावात एका रात्री बारा पाहुणे म्हणजे तीन-चार घरांना काम, आणि गावाला त्रासही नाही. दहा कारमधून आलेली पन्नास माणसं गावाला झेपत नाहीत. ती पाणी मागतात, जागा मागतात, मागे बाटल्या टाकतात आणि बहुतेक वेळा राहतही नाहीत. रात्रीच परततात. एसटीने आलेल्या माणसाला राहावंच लागतं, कारण गाडी सकाळी आहे. तो गावात जेवतो, गावात पैसे देतो, आणि जेवढं पाठीवर मावतं तेवढंच घेऊन येतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, शेतकऱ्याच्या घरी पाहुणे यावेत म्हणून. ते पाहुणे आणायला गाडीही हवी ना.

आणि त्या दहा-बारा तिकिटांनी शनिवारचं भारमान वाढलं, तर ती फेरी सोमवारी शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी टिकेल. माझ्या मनात सगळ्यात वर हेच आहे. बारावीपर्यंत शिकलेल्या कितीतरी मुली सांगतात की एसटी होती म्हणून शिकता आलं. आमच्या सुट्टीच्या पैशाने ती गाडी चालू राहिली, तर त्याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

शेवटी आमचं काय ठरलं आहे ते कळवते. आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांनी येत्या मोसमात कार न काढता काजवे बघायला जायचं ठरवलं आहे. मुलं-म्हातारी धरून अडतीस माणसं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत आम्ही तुमच्याच गाड्यांनी शेंडीला पोचू. मुक्कामाची घरं मुरशेतला बोलून ठेवली आहेत. गवतात पाय ठेवायचा नाही आणि टॉर्च पिशवीतून काढायचा नाही हे मुलांना सांगून झालं आहे. प्रश्न फक्त शेंडीच्या पुढच्या, रात्रीच्या फेरीचा आहे. ती मिळेल का आणि किती वाजता, एवढं कळवावं. गाडी बेचाळीस जागांची असेल तर चार जागा उरतात. वाटेत पांजऱ्याचं, उडदावण्याचं कुणी हात दाखवून चढलं आणि जागा कमी पडली, तर आमच्यातली तरणी पोरं उभी राहतील. तेही आमच्यात ठरलं आहे.

आपली नम्र,
पुण्याची एक प्रवासी